वास्तुरचनेची ड्रॉइंग्ज आणि मॉडेल कलाप्रदर्शनात मांडताना: निवडीपासून परत आणण्यापर्यंत

ज्युरीसमोर (परीक्षकांपुढे) लावलेले ए-१ मापाचे (सुमारे ५९ × ८४ सेंटिमीटर) बोर्ड जसेच्या तसे उचलायचे आणि गॅलरीच्या भिंतीवर टांगायचे, ही नव्या आर्किटेक्ट आणि डिझायनर मंडळींची सगळ्यात नेहमीची चूक. ते बोर्ड प्रकल्प समजावून सांगण्यासाठी केलेले असतात आणि शेजारी उभं राहून बोलणारा माणूस त्यात गृहीत धरलेला असतो. गॅलरीत तो माणूस नसतो. बघणाऱ्याला इमारत मंजूर करायची नसते की बांधायची नसते. समोरच्या कागदाने किंवा मॉडेलने स्वतःच्या जोरावर थांबवलं, तरच तो थांबतो.

दुसरी चूक क्रमाची. आधी प्रिंट काढतात, मग फ्रेम करतात, आणि "ही किती प्रतींपैकी?" असं कोणी विचारलं की एडिशनचा, म्हणजे एकूण किती प्रती काढायच्या याचा, विचार सुरू होतो. ऑफिसची परवानगी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आठवते. खालचे टप्पे म्हणूनच क्रमाने करा.

वेळेचा हिशोब उद्घाटनापासून उलटा मांडायचा. निवड आणि परवानग्या १२ आठवडे आधी, चाचणी प्रिंट ८ आठवडे आधी, फ्रेमकडे काम ५ आठवडे आधी, भिंतीचा आराखडा आणि लेबलं २ आठवडे आधी, प्रत्यक्ष टांगणी ३ दिवस आधी. मॉडेल नव्याने करायचं असेल तर त्याला स्वतंत्र ६ आठवडे धरा.

## टप्पा १: काम निवडा

हाताशी असलेल्या कामाचे आधी ढीग करा. पहिल्या ढिगात विचार करताना काढलेली रेखाटनं: ट्रेसिंगचे तुकडे, स्केचबुकची पानं, खाडाखोड झालेले सेक्शन (इमारतीचे उभे छेद). दुसऱ्यात रचना ठरल्यावर ती दाखवण्यासाठी केलेली ड्रॉइंग्ज आणि रेंडर (संगणकावर केलेली फोटोसारखी चित्रं). तिसऱ्यात बांधण्याची अट नसलेलं स्वतंत्र काम. अठराव्या शतकातला इटालियन कलावंत पिरानेसी याची काल्पनिक तुरुंगांची एचिंग्ज किंवा रशियन आर्किटेक्ट ब्रॉड्स्की आणि उत्किन यांची कागदी वास्तुरचना ही या तिसऱ्या ढिगातली. कधीकधी दुसऱ्या ढिगातलं काम तिसऱ्यात जाऊन बसतं. हाँगकाँगच्या 'द पीक' स्पर्धेसाठी आर्किटेक्ट झाहा हदीद यांनी केलेली पेंटिंग्ज स्पर्धेचं सादरीकरण होती. १९८३ मध्ये स्पर्धा जिंकूनही ती इमारत झाली नाही, पेंटिंग्ज मात्र आजही बघितली जातात.

कलाप्रदर्शनासाठी पहिला आणि तिसरा ढीग आधी बघा. दुसरा सगळ्यात शेवटी, आणि त्यातही रेंडर सगळ्यात खाली. रेंडरमध्ये काच, आकाश, फिरणारी माणसं सगळं आधीच सांगून झालेलं असतं. शिवाय तीच सॉफ्टवेअर लायब्ररीतली झाडं पुढच्या स्टॉलवरही दिसतात.

निवडीची चाचणी अशी:

१. शीर्षक, उत्तर दिशेचा बाण, मजकूर, लोगो, सगळं झाका.
२. काम भिंतीला लावा आणि ३ मीटरवरून बघा. एक ठळक आकार किंवा रचना हाती लागते का?
३. मग ४० सेंटिमीटरवर या. लांबून न दिसलेलं काही नवं सापडतं का? शिशाचा दाब, पुसलेली रेघ, जिन्याखालची जागा, काहीही.
४. दोन्ही उत्तरं 'हो' असतील तरच ठेवा.

किती कामं लावायची, तेही इथेच ठरवा. फ्रेमसकट सगळ्या कामांच्या रुंदीची बेरीज भिंतीच्या लांबीच्या अर्ध्यापेक्षा फार पुढे जाऊ देऊ नका. ४ मीटरच्या भिंतीवर ६० सेंटिमीटर रुंदीच्या तीन किंवा फार तर चार फ्रेम. पाच प्रकल्पांचं एकेक पान लावण्यापेक्षा एकाच प्रकल्पाची चार पानं लावा. पाच प्रकल्प म्हटले की तो पोर्टफोलिओ होतो.

सावधान: जुनं स्केच 'नीट' करून पुन्हा काढू नका. दुसऱ्यांदा काढताना उत्तर माहीत असतं आणि रेघ तेच सांगते. डाग, चहाचा शिडकावा, कडेला लिहिलेला हिशोब राहू द्या. कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता असेल तर मात्र ते पान वापरू नका, किंवा माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या) खिडकीत तो भाग येणार नाही असं बघा.

## टप्पा २: मालकी आणि परवानगी

नोकरीत असताना ऑफिससाठी काढलेलं ड्रॉइंग बहुतेक ठिकाणी करारानुसार ऑफिसचं असतं, रेघ तुमच्या हातची असली तरी. नोकरीचा करार काढून वाचा आणि परवानगी लेखी घ्या. तोंडी 'हो, लाव की' पुरत नाही. काम विकलं गेल्यावर सूर बदलतात.

परवानगीच्या पत्रात पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: कोणती कामं, ती फक्त दाखवायची की विकायचीही, कॅटलॉग आणि सोशल मीडियावर छापता येतील का, नावांची ओळ नेमकी काय असेल, आणि परवानगी किती काळापुरती.

राहत्या घराचा प्लॅन दाखवणार असाल तर घरमालकालाही विचारा. पत्ता काढाच, शिवाय तिजोरी, मागचं दार, कॅमेऱ्यांच्या जागा दिसतात का ते तपासा. बांधलेल्या इमारतीचा फोटो लावायचा असेल तर फोटोचे हक्क अनेकदा फोटोग्राफरकडे असतात, आर्किटेक्टकडे आहेत असं गृहीत धरू नका. स्पर्धेला पाठवलेलं काम असेल तर निकाल जाहीर होण्याआधी ते दाखवायला नियमांत बंदी आहे का, तेही बघून घ्या.

टीममध्ये केलेल्या कामावर एकट्याचं नाव लावलं की पुढचं सगळं बिघडतं. कल्पना, ड्रॉइंग आणि मॉडेल यांची नावं वेगवेगळी लिहिता येतात.

## टप्पा ३: एकमेव काम की एडिशन

हाताने काढलेलं ड्रॉइंग एकमेव असतं, तिथे प्रश्न नाही. संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगला 'मूळ प्रत' अशी नसतेच. फाइलमधून हव्या तेवढ्या प्रती निघतात, म्हणून किती प्रती काढायच्या हे पहिली प्रिंट काढण्याआधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. त्यालाच एडिशन म्हणायचं.

नव्या माणसाने एडिशन लहान ठेवावी: १० प्रती आणि कलावंताच्या २ प्रती. या दोन प्रती एकूण आकड्यात धरत नाहीत, त्यांच्यावर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) असं लिहितात. बाकीच्यांवर १/१०, २/१० असे क्रमांक. सगळ्या दहा आज छापल्याच पाहिजेत असं नाही, पण नंतर छापणार असाल तर पहिली मंजूर प्रत रंग जुळवण्यासाठी स्वतःकडे ठेवा आणि कागद, शाई, फाइल यात बदल करू नका.

आकार बदलला की ती दुसरी एडिशन होते. लहान आणि मोठा अशा दोन आकारांत विकायचं असेल तर ते सुरुवातीलाच जाहीर करा. दहा प्रती संपल्यावर 'थोडी मोठी' अकरावी काढली, तर आधीच्या दहाही जणांचा विश्वास जातो.

सही पेन्सिलने, चित्राच्या खालच्या कोऱ्या पट्टीत: डावीकडे क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही आणि वर्ष. कॉटन किंवा मॅट कागदावर पेन्सिल चालते. चकचकीत लेपाच्या कागदावर ती धरत नाही. कागद निवडताना हे लक्षात असू द्या.

एक नोंदवही करा. शीर्षक, क्रमांक, छपाईची तारीख, कागद, शाई, फाइलचं नाव, कोणाकडे गेलं. थ्री-डी प्रिंट केलेल्या मॉडेललाही हाच नियम लागू.

तपासा: पुढे जाण्याआधी प्रत्येक कामासमोर 'एकमेव' किंवा 'एडिशन, किती' असं लिहिलेलं आहे का? एकाही कामापुढे जागा रिकामी असेल तर प्रिंटकडे जाऊ नका.

## टप्पा ४: प्रिंट आणि रेघांची जाडी

इथे आर्किटेक्ट मंडळी सगळ्यात जास्त फसतात, कारण रोज प्लॉट काढत असल्याने हे आपल्याला येतंच असं वाटतं.

ए-१ आकारासाठी केलेलं ड्रॉइंग ए-३ वर छापलं की प्रत्येक लांबी निम्मी होते, आणि रेघेची जाडीही. ०.१३ मिलिमीटरची बारीक रेघ ०.०६५ वर येते. ती जागोजागी तुटते, करडी पडते आणि काचेमागे दिसेनाशी होते. उलट दिशेने, ए-१ चं ए-० केलं की जाडी सुमारे १.४ पट वाढते, आणि नाजूक वाटणारं ड्रॉइंग एकदम जाडजूड दिसायला लागतं. म्हणून अंतिम आकार आधी ठरवा आणि त्या आकारात रेघांचे वजन नव्याने लावा. प्रदर्शनासाठी ०.१३, ०.२५ आणि ०.५ या तीन जाड्या बहुतेक वेळा पुरतात; कापलेली भिंत आणि मागची रेघ यात तेवढा फरक लांबूनही कळतो.

स्केलची नोंद हा दुसरा खड्डा. कागदावर '१:१००' लिहिलेलं आणि ड्रॉइंग निम्म्यावर आणलेलं, तर ते १:२०० झालं आणि लेबल खोटं ठरलं. अंकातलं स्केल काढा आणि ड्रॉइंगबरोबर लहान-मोठी होणारी स्केलची पट्टी ठेवा. तीही दिसायला हवी असेल तरच.

हॅच (बारीक तिरक्या रेघांनी भरलेला भाग) दाट असेल तर पूर्ण आकारात छापून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. स्क्रीनवर स्वच्छ दिसणारे तिरके पट्टे छपाईत एकमेकांत मिसळून काळा ठिपका होतात किंवा लाटांसारखी नक्षी उमटते.

क्रम असा ठेवा:

१. रेघांचं ड्रॉइंग व्हेक्टर पीडीएफमध्येच (त्यात रेघा पिक्सेल न होता रेघाच राहतात) द्या. जेपीजी करू नका, रेघेच्या कडेला धूळ साचल्यासारखी दिसते.
२. फोटो किंवा पोत असलेलं काम अंतिम आकाराला ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) हवं. हाताचं रेखाटन स्कॅन करताना ६०० पीपीआय घ्या, म्हणजे दुप्पट आकारापर्यंत जाता येतं.
३. रंगांचं प्रोफाइल छपाईवाल्याला विचारून ठरवा. पिगमेंट इंकच्या मशीनला बऱ्याचदा आरजीबी (स्क्रीनच्या रंगपद्धतीची) फाइलच हवी असते. ऑफसेटच्या सवयीने सीएमवायके (छपाईच्या चार शायांची पद्धत) केलं की रंग उगाच मळतात.
४. चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर कोरी कड सोडा. सही, माउंट आणि हाताळणी तिन्ही याच जागेत होतात.
५. सगळ्यात दाट, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात काळा असा भाग असलेली २० × ३० सेंटिमीटरची पट्टी खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात छापून घ्या.
६. पट्टी प्रदर्शनाच्या उजेडासारख्या उजेडात बघा, स्क्रीनशेजारी नको. मॅट कॉटन कागदावरचा काळा स्क्रीनइतका खोल कधीच येत नाही.
७. मंजूर झाल्यावर पूर्ण प्रिंट. फ्रेममध्ये घालण्याआधी किमान २४ तास उघडी सुकू द्या, नाहीतर शाईतला ओलावा काचेच्या आतून धुक्यासारखा बसतो.

कागद ३०० ग्रॅमच्या आसपासचा, आम्लमुक्त कॉटनचा. ऑफिसच्या प्लॉटरवरची डाय इंकची प्रिंट उजेडात लवकर उडते. ती विकायला ठेवू नका.

जुना कागद असेल तर: निळी ब्ल्यूप्रिंट क्षारयुक्त, म्हणजे 'बफर्ड' माउंट बोर्डला लावू नका. तिचा निळा रंग क्षाराने उडतो. तिच्यासाठी अनबफर्ड बोर्ड मागा. डायझो (जुन्या रासायनिक पद्धतीच्या) प्रिंटमधून वाफा निघत राहतात, म्हणून ती बाकीच्या कागदांबरोबर एका फोल्डरमध्ये ठेवू नका. दोन्ही प्रकार उजेडाला हळवे आहेत. प्रदर्शन लांब असेल तर मूळ घरी ठेवून चांगली प्रतिकृती लावा आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहा.

## टप्पा ५: माउंट आणि फ्रेम

सेलोटेप, दुहेरी चिकटपट्टी, स्प्रे ग्लू, फोम बोर्डवर पूर्ण चिकटवणं, या चारही गोष्टी विकाऊ कामाला बाद. चिकटवलेला कागद पुन्हा सुटत नाही, आणि विकत घेणारा जाणता असेल तर तो फ्रेमची मागची बाजू उघडून बघायला मागतो.

पद्धत हिंजची. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. चित्र फक्त वरच्या कडेने टांगलेलं राहतं, बाकी तीन बाजू मोकळ्या. दमट हवेत कागद फुगतो आणि कोरड्यात आक्रसतो, त्याला जागा लागते.

१. पट्टी साधारण ३ सेंटिमीटर रुंद घ्या आणि कापण्याऐवजी ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू चित्रावर वळ उठू देत नाहीत.
२. हिंजचा कागद चित्राच्या कागदापेक्षा हलका हवा. फ्रेम पडली तर आधी हिंज फाटावी, चित्र नाही.
३. खळ पट्टीच्या खालच्या ५ मिलिमीटरलाच लावा आणि टिपकागदावर जास्तीची काढा. ओली खळ लावली की चित्राच्या वरच्या कडेला सुरकुती येते आणि ती पुढून दिसते.
४. चित्राच्या मागे, वरच्या कडेला, दोन्ही कोपऱ्यांपासून थोड्या आत लावा.
५. टिपकागद आणि वजन ठेवून तासभर दाबा.
६. पट्टीचा वरचा भाग मागच्या बोर्डला दुसऱ्या आडव्या पट्टीने धरा.

ट्रेसिंग पेपर हे वेगळं प्रकरण आहे. पाण्याचा थेंबही त्याला चुरगाळतो. हिंज अगदी लहान आणि खळ जवळजवळ कोरडी ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर एखाद्या रद्दी तुकड्यावर सराव करा किंवा कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्याकडे द्या. ताणून सपाट करण्याचा नाद सोडा. ट्रेसिंग थोडं लाटेदार राहणारच. मागे पांढराशुभ्र बोर्ड न घेता किंचित ऊबदार पांढरा घ्या; शुभ्र बोर्डवर पिवळट ट्रेसिंग आजारी दिसतं.

खिडकीचं माउंट असेल तर ते चित्रावर ३ ते ५ मिलिमीटर चढू द्या. कड फाटकी किंवा बोलकी असेल तर चित्र पूर्ण उघडं, तरंगतं लावा आणि फ्रेमच्या आत स्पेसर (काच दूर ठेवणारी पट्टी) घाला. काही झालं तरी कागद आणि काच यात किमान ३ मिलिमीटर अंतर हवंच.

काच की ॲक्रिलिक? एक चौरस मीटरची ३ मिलिमीटर काच साडेसात किलोची होते, तेवढंच ॲक्रिलिक साधारण ३.६ किलोचं. मोठ्या कामाला आणि प्रवासाला ॲक्रिलिक बरं. पण चारकोल, पेस्टल किंवा मऊ शिशाची पेन्सिल असेल तर काचच. ॲक्रिलिकमधली स्थिर वीज सुटी पूड ओढून घेते. ॲक्रिलिक अमोनियाच्या क्लीनरने पुसू नका, त्याला बारीक तडे जातात.

तपासा: फ्रेम बंद करण्याआधी ती उभी धरून तिच्यावर बाजूने टॉर्च मारा. काचेच्या आतला केस, धुळीचा कण, बोटाचा ठसा तेव्हाच दिसतो. उद्घाटनाच्या स्पॉटलाइटखाली दिसला तर उशीर झालेला असतो.

## टप्पा ६: मॉडेल

कुठून बघायचं ते आधी ठरवा, कारण ओट्याची (मॉडेल ठेवायच्या चौथऱ्याची) उंची त्यावरून ठरते. वस्तीचं किंवा शहराच्या तुकड्याचं मॉडेल वरून बघायचं असतं. त्याला ७५ ते ९० सेंटिमीटर उंचीचा ओटा पुरतो आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला, मुलांनाही दिसतं. एका खोलीचं मॉडेल मात्र डोळा आत शिरावा असं हवं. त्याच्या खिडकीची उंची जमिनीपासून १४० ते १५० सेंटिमीटरवर आणा, आणि शेजारी एक खालची पायरी किंवा दुसरी खिडकी ठेवा. सगळी मॉडेल एकाच उंचीच्या ओट्यांवर मांडणं सोयीचं असतं, पण त्यात अर्धी मॉडेल वाया जातात.

साहित्याबद्दल थोडं. फोम बोर्डच्या कडा उजेडात पिवळ्या पडतात आणि बोर्ड दमट हवेत वाकतो. विकायच्या मॉडेलला तो नको. पीएलए प्लास्टिकचं थ्री-डी प्रिंट ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतं, उन्हातल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज येतं. इन्स्टंट ग्लू ॲक्रिलिकवर पांढरी धुरकट छटा सोडतो. पारदर्शक भाग जोडायला ॲक्रिलिकचं सॉल्व्हंट वापरा किंवा खाच करून बसवा.

झाकण ५ मिलिमीटर ॲक्रिलिकचं करा आणि मॉडेलभोवती चारी बाजूंनी ४ ते ५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. ग्लू आणि रंग वाळून वास पूर्ण गेल्यावरच झाकण बसवा. नव्याने रंगवलेल्या एमडीएफ ओट्यालाही आठवडाभर हवा लागू द्या.

तळाची फळी मॉडेलपेक्षा जाड, निदान १८ मिलिमीटर प्लाय, आणि तिला खालून स्क्रूची चार भोकं आधीच पाडा. याच भोकांनी ती ओट्याला आणि प्रवासात खोक्याच्या तळाला बसते. ही भोकं विसरली की मॉडेल चिकटपट्टीच्या भरवशावर प्रवास करतं.

पूर्ण मापाचा तुकडाही मांडता येतो: एखादा जिन्याचा टप्पा, कोपरा, दर्शनी भाग. १९८० च्या पहिल्या व्हेनिस आर्किटेक्चर बिएनालेत 'स्त्रादा नोविस्सिमा' नावाची वीस दर्शनी भागांची रस्त्यासारखी मांडणी होती, ती अशीच. लहान प्रदर्शनात हे करणार असाल तर जागेच्या मालकाला वजन आणि आगीचे नियम आधी विचारा. उभा तुकडा छताला किंवा भिंतीला बांधल्याशिवाय सोडू नका.

## टप्पा ७: भिंत आणि उजेड

फ्रेमचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. खिळ्याची उंची अशी काढा: मध्याची उंची, अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग, वजा फ्रेमच्या वरच्या कडेपासून मागच्या कडीपर्यंतचं अंतर. मध्य १५०, फ्रेम ८० उंच आणि कडी १२ खाली असेल तर १५० + ४० − १२ = १७८. तार न लावता दोन कड्या आणि दोन हूक वापरा. तारेवरची फ्रेम कोणाचाही धक्का लागला की तिरकी होते.

एकाच प्रकल्पाचे सेक्शन ओळीत लावताना मात्र मध्य सोडा आणि जमिनीची रेघ जुळवा. एका सेक्शनमधली जमीन दुसऱ्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर असली की सगळी ओळ डळमळीत वाटते, आणि का ते कोणाला सांगता येत नाही. फ्रेम एकाच मापाच्या ठेवून चित्र आतल्या आत वर-खाली बसवलंत तर फ्रेमही ओळीत राहतात, जमीनही. यासाठी हा निर्णय फ्रेम करण्याआधी घ्यावा लागतो.

प्लॅन भिंतीवरच हवा असं नाही. ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ॲक्रिलिकखाली आडवा ठेवला तर माणसं त्यावर वाकतात, बोट फिरवतात, जास्त वेळ थांबतात.

एका संचातल्या फ्रेममध्ये ८ ते १५ सेंटिमीटर अंतर, दोन संचांमध्ये त्याच्या तिप्पट तरी. प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापून मास्किंग टेपने आधी भिंतीवर लावा, एक दिवस तसाच ठेवा, मगच भोकं पाडा.

कागदावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास. कमी वाटेल, पण बाकीची खोली मंद ठेवली की डोळे जुळवून घेतात. स्पॉट उभ्या रेषेशी ३० अंशांच्या कोनात; त्याहून सरळ खाली आला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते, त्याहून आडवा आला तर बघणाऱ्याची. मॉडेलला एकाच बाजूने उजेड द्या. चारी बाजूंनी दिला की सावल्या जातात आणि मॉडेल सपाट दिसतं. दिवे एलईडीच घ्या, झाकणाखाली उष्णता साचत नाही.

तपासा: बघणाऱ्याच्या जागेवर उभं राहून काचेत समोरची खिडकी दिसते का? दिसत असेल तर खिडकीला पडदा लावा किंवा काम दुसऱ्या भिंतीवर न्या.

## टप्पा ८: लेबल, किंमत, हक्क

लेबलवर या क्रमाने: नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, मापं (उंची × रुंदी × खोली), एडिशन, श्रेय. 'डिजिटल प्रिंट' एवढं माध्यम लिहू नका. 'कॉटन कागदावर पिगमेंट इंक प्रिंट' असं लिहा. रेखाटनाचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं असेल तर दोन्ही द्या. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको.

निवेदन १०० शब्दांत संपवा. 'अवकाशाशी संवाद' वगैरे काढून टाका; त्या जागी कशासाठी, कशावर आणि कसं काढलं ते लिहा. हे वाचूनच माणूस पुन्हा चित्राकडे वळतो.

गॅलऱ्यांचं कमिशन अनेकदा विक्रीच्या ४० ते ५० टक्के असतं. ते फ्रेमचा खर्च वजा करून धरायचं की आधी, हे करारात लिहून घ्या. स्टुडिओत आणि गॅलरीत किंमत एकच ठेवा. आणि बिलावर एक ओळ हवीच: काम विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं नाही, आणि त्या ड्रॉइंगवरून इमारत बांधण्याचा हक्क तर मुळीच नाही. चित्रकाराला ही ओळ सहसा लागत नाही, आर्किटेक्टला लागते.

## टप्पा ९: पॅकिंग आणि प्रवास

निघण्याआधी प्रत्येक कामाचे समोरून, मागून आणि चारी कोपऱ्यांचे फोटो, आणि एक पानी स्थितीची नोंद: कुठे डाग, कुठे घडी, कुठे ओरखडा. गॅलरीत पोचल्यावर त्याच नोंदीवर समोरच्याची सही घ्या. विमा 'भिंतीवरून निघून भिंतीवर परत येईपर्यंत' असावा. फक्त गॅलरीत असतानाचा असेल तर प्रवास तुमच्या जोखमीवर.

फ्रेम उभ्या न्यायच्या, आडव्या रचायच्या नाहीत. काचेवर मास्किंग टेपच्या फुल्या मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. ॲक्रिलिकवर आणि परावर्तनरोधक लेपाच्या काचेवर टेप लावायची नाही. आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. खोक्यात सगळीकडून ५ सेंटिमीटर फोम.

मॉडेलचं खोकं वरून उघडणारं नको, पुढून उघडणारं करा. वरून उचलताना हात नेमका सगळ्यात नाजूक भागाला लागतो. सुटणारे भाग वेगळ्या पेटीत, आणि ते कसे बसवायचे त्याचे क्रमाने फोटो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. मांडणारा माणूस बहुतेक वेळा तुम्ही नसता. ग्लू, ब्लेड, चिमटा आणि जादा दोन-चार झाडं, माणसं त्याच पेटीत.

पोचल्यावर खोकं लगेच उघडू नका. २४ तास खोलीत तसंच राहू द्या, हवामान बदलल्याने कागद एकदम वळतो.

## टप्पा १०: उतरवणं

उतरवताना क्रम उलटा: आधी लेबलं आणि मॉडेलची झाकणं, मग फ्रेम, शेवटी मोठी मॉडेल. स्थितीची नोंद पुन्हा भरा, त्याच कोपऱ्यांचे फोटो घ्या आणि गॅलरीतून बाहेर पडण्याआधी जुन्या फोटोंशी ताडून बघा. घरी गेल्यावर सापडलेला ओरखडा कोणाचाच नसतो. विकलेल्या प्रतींचे क्रमांक नोंदवहीत चढवा. न विकलेली कागदी कामं फ्रेममधून काढून आम्लमुक्त फोल्डरमध्ये, सपाट ड्रॉवरमध्ये, सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील अशा जागी ठेवा. गुंडाळून नळीत ठेवलेला कागद पुढच्या वेळी सपाट व्हायला आठवडा घेतो, आणि ट्रेसिंग बऱ्याचदा होतच नाही.